ज्याची मेंढरं कमी, तो आधी

गेल्या महिन्यात पेपरात एक फोटो आला होता. काठमांडूमध्ये टॉवेल आणि सुती कापड तपासणारी एक प्रयोगशाळा सुरू झाली, त्याचा. भारत, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंका या शेजाऱ्यांनी मिळून उभारलेली. आपला माल साता समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाला पाठवायचा तर आता इथला दाखला चालतो, त्यांच्या दारात तपासणीसाठी ताटकळावं लागत नाही. फोटोत फितीला हात लावणारे पुष्कळ होते आणि कात्री एकच होती. आमच्या सोलापूरचा श्रीनिवास चिप्पा अगदी कडेला, अर्धा कापला गेलेला. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तो पेपर हातोहात फिरला आणि खाली ठेवताना जो तो म्हणाला, आज गडदेसर हवे होते.

हवे होते हे खरंच. पण असते तरी ते फोटोत नसतेच. फोटोची वेळ झाली की हा माणूस गायब. त्या दिवशीही ते मागच्या जिन्यात कुठल्या तरी शिपायाला त्याचं गाव कुठलं ते विचारत उभे असते, आणि मी त्यांना शोधत फिरले असते. त्यांना शोधत फिरणं हे माझं अर्ध्या नोकरीचं काम होतं.

बिराप्पा गडदे आमच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. मी त्यांच्याच विभागात, त्यांच्या हाताखाली लागले. उंच, वाळलेला माणूस. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पायात जाड वहाणा. चारजण मिळून चालायला लागले की सर सगळ्यांच्या मागे. कुणी विचारलं तर सांगत, मेंढरांच्या मागं चालून पायाला तीच सवय लागली. म्हणजे पुढे चालणारे आम्ही सगळे मेंढरं ठरलो, हे प्राचार्यांच्या कधीच लक्षात आलं नाही.

त्यांचं घर मूळचं सांगोला तालुक्यातलं, धनगराचं. वडिलांची मेंढरं होती, थोरल्या भावाची अजूनही आहेत. सर शिकले, शहरात आले, पण बोलणं दोन प्रकारचं राहिलं. वर्गात फळ्यासमोर शुद्ध, छापील मराठी. फळ्याला पाठ केली आणि एखादी गोष्ट मनाला लागली की थेट गावाकडची. विद्यार्थ्यांना ते बरोबर कळायचं. सर "नाही" म्हणाले तर अजून थोडं ताणून बघायला हरकत नसे. "न्हाय" म्हणाले की विषय संपला.

शिकवण्याची त्यांची एक तऱ्हा होती आणि तिच्यावरून आमचं सुरुवातीला चांगलंच वाजलं. ते तास शेवटच्या बाकापासून सुरू करत. वर्गातल्या सगळ्यात कच्च्या मुलाला उभं करायचं आणि म्हणायचं, तुला काय कळलं न्हाय ते आधी सांग. तो बिचारा चाचरत काहीतरी सांगायचा, आणि मग त्या न कळलेल्या गोष्टीवर तास चालायचा. पुढच्या बाकावरच्या हुशार मुली वैतागून माझ्याकडे तक्रार घेऊन यायच्या. मीही तणतणत गेले की अशाने अभ्यासक्रम कधी संपायचा? सर चण्याची पुडी पुढे करत म्हणाले, "बाई, हुशारांचं माझ्यावाचून काय अडतंय? ज्याचं अडतंय त्याला आधी विचारलं म्हंजे बाकीच्यांचं आपोआप निघतं." मला ते अजिबात पटलं नाही. परीक्षेचा निकाल लागला तेव्हा पटलं, पण ते त्यांना सांगायला मी काही गेले नाही.

अवगुणही होते, आणि थोडेथोडके नव्हते. कौतुक करणं त्यांच्या तोंडात बसतच नसे. मला पीएच.डी. मिळाली तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले, सरांनीही खाल्ला आणि म्हणाले, झालं एकदाचं. स्कूटर अशी चालवायचे की मागे बसणाऱ्याने मनातल्या मनात सगळ्या देवांना हात जोडून घ्यावेत. हट्ट तर विचारू नका. एकदा ठरलं की ठरलं, मग समोर कुलगुरू असोत की घरी वहिनी. आणि "विचारलं का?" हा त्यांचा पालुपदासारखा प्रश्न. सहल ठरवली, मुलांना विचारलं का? वेळापत्रक बदललं, शिपायांना विचारलं का? वहिनी एकदा माझ्यादेखत म्हणाल्या होत्या, "आता आमटीला फोडणी घालायची तर चिप्पांच्या घरी विचारून येते, त्यांना ठसका लागंल." सर गंभीरपणे म्हणाले, "ये की विचारून."

हे चिप्पा म्हणजे श्रीनिवास. सरांचा जुना विद्यार्थी आणि भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. घर तेलुगू विणकरांचं. आजोबांनी हातमागावर, वडिलांनी यंत्रमागावर दिवस काढले आणि श्रीनिवासने चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना टाकला. त्याचा बहुतेक माल परदेशी जायचा. दोन्ही घरांमध्ये वाटी इकडून तिकडे रिकामी कधी गेली नाही. श्रीनिवासच्या आईच्या हातचं चिंचेचं सार सरांना फार आवडायचं, आणि सरांच्या गावाकडून आलेली कडक भाकरी श्रीनिवास उभ्याउभ्याच फस्त करायचा.

आता मेंढरांची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराचं प्रकरण आलं की सर दरवर्षी ती वर्गात सांगत.

त्यांच्या लहानपणी पावसाळा सरला की पाच-सहा घरं आपापली मेंढरं घेऊन एकत्र बाहेर पडायची. वाटेतले शेतकरी रिकाम्या रानात मेंढरं बसवून घेत. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत मिळतं, आणि त्याबद्दल शेतकरी धान्य देतो. किती धान्य, यावर घासाघीस व्हायची. प्रत्येक शेतकरी एक युक्ती हमखास करायचा. सगळ्यांत मोठा कळप ज्याचा असेल त्याला बाजूला घ्यायचा आणि म्हणायचा, तू एकटा ये, तुला दोन पायल्या जास्त देतो. म्हणून या लोकांनी एक रीत घालून घेतली होती. शेतकऱ्याला उत्तर द्यायच्या आधी सगळी घरं गोल बसायची, आणि ज्याची मेंढरं सगळ्यांत कमी तो आधी बोलायचा. त्याला किमान काय मिळालं तर त्याचं भागेल, ते तो सांगायचा. तिथून पुढे बोलणी. आणि दुसऱ्यांना विचारल्याशिवाय कुणीही एकट्याने कुणाच्या रानात जायचं नाही.

एका साली सरांच्या चुलत्यांनी ही रीत मोडली. जास्त धान्याला भुलून एक रात्र एकटे जाऊन बसले. त्यांना कुणी शिवी दिली नाही की वाळीत टाकलं नाही. पण त्या शेतकऱ्याने गावभर सांगितलं की हे लोक फुटतात. तिथून पुढच्या प्रत्येक रानात सगळ्याच घरांना वेगवेगळं गाठून पाडून मागितलं गेलं, आणि चुलत्यांनाही शेवटी तेवढंच मिळालं. सर ही गोष्ट सांगून खडू खाली ठेवायचे आणि म्हणायचे, प्रकरण संपलं, बाकीचं पुस्तकात वाचा.

तर झालं असं, की माल घेणाऱ्या देशांनी मिळून एक नवा नियम काढला. यापुढे टॉवेलचा प्रत्येक लॉट त्यांच्याच देशातल्या प्रयोगशाळेत तपासला जाईल, खर्च पाठवणाऱ्याचा, आणि तपासणी होईपर्यंत माल तिथल्या गोदीत पडून राहील. मोठ्या गिरण्यांनी ते कसंबसं सोसलं असतं. श्रीनिवाससारख्याचं कंबरडं मोडलं असतं, आणि नेपाळमधल्या छोट्या कारखान्यांना तर सरळ टाळं लागलं असतं. शेजारी देशांनी ठरवलं, आपण एकत्र बोलू. चौघांची मिळून एक प्रयोगशाळा उभारू आणि तिचा दाखला माना असं म्हणू. सरकारी अधिकाऱ्यांच्या शिष्टमंडळात उत्पादकांचा एक सल्लागार हवा होता. सोलापूरच्या टॉवेलवाल्यांच्या संघटनेत श्रीनिवासचं वजन होतं. त्याने सरांचं नाव पुढे केलं. कागद सांभाळायला म्हणून सरांनी मला बरोबर घेतलं. मला विचारलं होतं, हे सांगायलाच हवं.

पहिली बैठक काठमांडूला, फक्त शेजाऱ्यांची. तिथे सरांनी एक घोटाळा करून ठेवला. सगळे गोल टेबलाभोवती बसले, आमच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख साहेबांनी प्रास्ताविक केलं आणि सरांना बोलायला सांगितलं. सर उठले आणि आपल्या सोलापुरी हिंदीत म्हणाले की इथे सगळ्यांत लहान धंदा नेपाळचा आहे, तेव्हा नेपाळने आधी बोलावं. सरांच्या लेखी हा मान होता. नेपाळच्या प्रतिनिधी सरिता गुरुंग म्हणून एक बाई होत्या, स्वतःचा छोटा कारखाना चालवणाऱ्या, कपाळावर आठ्या घेऊनच बसलेल्या. त्यांनी फाईल मिटली. त्या थंडपणे म्हणाल्या की आम्ही लहान आहोत हे तुमच्याकडून वरचेवर ऐकतो, ते ऐकायला आज बोलावण्याची गरज नव्हती. आमचे साहेब छताकडे बघायला लागले.

सर गांगरले. मी त्यांना गांगरलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. सर्वांसमोर त्यांनी दोन्ही हात जोडले, चुकलं म्हणाले, आणि मग उभ्यानेच ती मेंढरांची गोष्ट सांगितली. चुलत्यांसकट. हिंदी अपुरी पडली तिथे मराठी घातली. बाई ऐकत होत्या. गोष्ट संपल्यावर त्यांनी विचारलं, मेंढ्या किती होत्या तुमच्या? सर म्हणाले, आमच्याच सगळ्यांत कमी होत्या, म्हणून तर मला रीत पाठ आहे. तेव्हा गुरुंगबाई हसल्या. त्यांचे आजोबा उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन बर्फाच्या कडेपर्यंत जात असत. त्यांनी फाईल उघडली आणि नेपाळला किमान काय हवं ते सांगितलं. नंतर श्रीलंकेने, मग बांगलादेशाच्या रहमानसाहेबांनी, सर्वांत शेवटी आम्ही. दुपारी जेवणात सरांनी पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. रहमानसाहेबांनी भाकरी वाजवून पाहिली आणि विचारलं, हे खायचं की बांधकामाला वापरायचं? पण खाल्ली, आणि पुन्हा मागितली.

खरं घोडं अडलं कोलंबोला. तिथे माल घेणाऱ्या देशांची माणसं समोर होती. दोन दिवस त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्यातल्या एकाने आमच्या साहेबांना चहाला बाजूला नेलं. निरोप असा, की समाईक प्रयोगशाळेचा हट्ट सोडा आणि मूळ नियमाला एकट्या भारताने होकार द्यावा. तुमच्या मालाला वर्षभर तपासणीतून सूट. साहेब भले माणूस होते. त्यांनी येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाले, उत्पादकांचं म्हणणं काय ते कळवा, मला संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

सरांनी तिथूनच श्रीनिवासला फोन लावला. श्रीनिवास म्हणाला, सर, घ्या. वर्षभर तर वर्षभर. हातातल्या ऑर्डरी जातील, माणसं घरी बसतील. सर बघतो, एवढंच म्हणाले. मग त्यांनी साहेबांच्या परवानगीने ती गोष्ट गुरुंगबाईंच्या आणि रहमानसाहेबांच्या कानावर घातली. गुरुंगबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी रागाने पुसलं. संध्याकाळी सरांनी साहेबांना सांगितलं की उत्पादकांचा सल्लागार म्हणून माझा नकार आहे. आज वर्षाची सूट घेऊ, पुढच्या वर्षी सूट संपेल तेव्हा आपण त्यांच्यासमोर एकटे असू आणि शेजारी आपल्याकडे पाठ करून उभे असतील. साहेबांनी विचार केला आणि तसं कळवलं.

बोलणी फिसकटली. नियम सगळ्यांनाच लागू झाला.

पुढच्या महिन्यांत श्रीनिवासच्या परदेशी ऑर्डरी थांबल्या. आधी एक पाळी गेली, मग अर्धे माग थांबले, मग पाऊण. चिंचोळीच्या त्या रस्त्यावर दिवसभर खडखडाट असायचा, तिथे कुत्री झोपलेली दिसायला लागली. संघटनेच्या सभेत सरांना जाब विचारला गेला. सगळे तोंडसुख घेत होते आणि श्रीनिवास खाली मान घालून बसला होता. शेवटी तोच उठला. म्हणाला, "सर, एक सांगा. नेपाळ तुमचा कोण लागतो?"

सर म्हणाले, "तू माजा कोण लागतोस, श्रीनिवास? शेजारीच की."

"मग शेजाऱ्याला फोन करून विचारलंत, आणि त्याचं ऐकलं नाहीत."

त्याच सभेत त्यांना सल्लागारपदावरून काढलं आणि त्या जागी श्रीनिवासला नेमलं. सर शांतपणे उठून बाहेर आले आणि स्कूटरला किक मारत राहिले. ती चालू होईना. आतून कुणीही मदतीला आलं नाही. मी मागून ढकलली.

त्यानंतर दोन्ही घरांमधली वाटी थांबली. श्रीनिवासची आई गॅलरीत दिसली की वहिनी आत जायच्या. सर वरवर तसेच होते, शेवटच्या बाकापासून तास घेत होते. पण आंतरराष्ट्रीय व्यापाराचं प्रकरण आलं तेव्हा स्टाफरूममध्ये माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "यंदा तेवढं प्रकरण तुमी घ्या, बाई." मी कारण विचारलं नाही. तेच म्हणाले, "माजं चुकलं असंल तर त्या पोराचं घर बसलं. मी दुसऱ्याचा कळप घेऊन गणित मांडलं. माजी स्वतःची तितं एक मेंढी न्हवती."

मी तुम्हाला खरं सांगते, मला त्यांचा निर्णय त्याही दिवशी बरोबर वाटत होता. पण ते ऐकून मला त्यांच्याबद्दल जे वाटलं ते त्या निर्णयामुळे नव्हतं. बरोबर असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आपण बरोबर असण्याची झळ दुसऱ्याला बसते, या जाणिवेने असा पोळलेला एवढा एकच.

पाच-सहा महिन्यांनी एका रविवारी सकाळी मी पेपर तपासणीच्या कामाने त्यांच्याकडे गेले होते. व्हरांड्यात दोघं गठ्ठे लावत होतो, तोच फाटक वाजलं आणि श्रीनिवास आत आला. इतक्या दिवसांनी. वहिनींनी पाणी आणलं, ते त्याने घेतलं, ही गोष्ट तिघांच्याही लक्षात आली. त्याने जे सांगितलं ते थोडक्यात असं. बाहेरच्या एका बड्या खरेदीदाराचा निरोप आला होता. श्रीनिवासच्या एकट्या कारखान्याला तपासणीतून सूट आणि वर्षभर पुरेल एवढं काम. बदल्यात संघटनेचा प्रतिनिधी म्हणून त्याने एवढंच लिहून द्यायचं, की सोलापूरच्या उत्पादकांची मूळ नियमाला हरकत नाही. ते पत्र गेलं की समाईक प्रयोगशाळेची मागणी तिथेच निकालात निघणार, हे त्यालाही कळत होतं. पण त्याच्या कामगारांना कुठून तरी कुणकुण लागली होती. काम येतंय म्हणून ते आज सकाळपासून कारखान्याच्या गेटवर जमले होते.

सर खाली बघत होते. मग म्हणाले, "घे."

श्रीनिवासला वाटलं त्याने नीट ऐकलं नाही.

"सही कर. तुज्या दारात माणसं उबी हायत. ह्या खेपेला मी काय म्हणणार न्हाय."

श्रीनिवासचा चेहरा लाल झाला. तो जवळजवळ ओरडलाच. म्हणाला, आता म्हणता होय, सर, 'घे' म्हणून? कोलंबोला हे का नाही सुचलं? श्रीनिवास उठला, व्हरांड्यात दोन येरझाऱ्या घातल्या, आणि खिशातून फोन काढला. मला वाटलं खरेदीदाराला लावतोय. त्याने काठमांडूला गुरुंगबाईंना लावला. संघटनेचं काम हातात आल्यापासून त्याचं त्यांच्याशी बोलणं होत असे. फोन त्याने आमच्यासमोर मोठ्या आवाजावर ठेवला आणि आडवळण न घेता सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, मी सही करू का?

मग बाई म्हणाल्या, तुम्ही विचारलंत हेच खूप झालं. माझा कारखाना तर तीन महिने बंदच आहे. तुमचा तरी चालू द्या. करा सही, मी मनात काही ठेवणार नाही.

श्रीनिवासने फोन ठेवला. व्हरांड्याच्या कठड्याला धरून तो उभा राहिला. परवानगी मिळाली होती, आता त्याला कुणीच अडवत नव्हतं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "नाही सर. नाही जमायचं." आणि खुर्चीत बसून हातांनी तोंड झाकून घेतलं. हा माणूस आपल्या आजोबांच्या मागापासून चालत आलेलं सगळं त्या एका शब्दावर लावून मोकळा झाला होता. वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला. सरांनी शाबास म्हटलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. आत जाऊन वहाणा घालून आले आणि म्हणाले, चल. मी येतो तुज्या गेटवर.

दुसऱ्याच दिवशी सर गावी गेले आणि थोड्याच दिवसांत तिथेच झोपेत वारले. शेजाऱ्यांतलं कुणीच फुटलं नाही तेव्हा कुठे प्रयोगशाळेला मान्यता मिळाली, ती त्यांच्या माघारी. श्रीनिवास तग धरून राहिला, अर्धे माग विकून का होईना. तेव्हा मी सरांना चालतंबोलतं पाहिलं ते त्या रविवारी शेवटचं.

आम्ही श्रीनिवासच्या गाडीतून चिंचोळीला गेलो. गेटच्या बाहेर रस्त्याच्या कडेला माणसं बसली होती. माग चालवणारे, कांड्यांवर सूत भरणारे, घडी घालणाऱ्या बायका. काही जणी डबा घेऊन आल्या होत्या, आजच काम सुरू होईल या आशेने. गाडी पाहून सगळे उठून उभे राहिले. श्रीनिवासला तोंड उघडवेना. तेलुगूत काहीतरी सुरू केलं आणि अर्ध्यावर थांबला.

सर म्हणाले, "काम आलं होतं. श्रीनिवास सही करत होता. मी न्हाय म्हणून सांगितलं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. एवढ्या वर्षांत या माणसाच्या तोंडून मी खोटं ऐकलेलं नव्हतं. श्रीनिवास "सर," म्हणून पुढे सरकला, तर सरांनी त्याचा दंड घट्ट धरला. मग जे व्हायचं ते झालं. आवाज वाढले. कुणी विचारलं, तुमचा पगार चालू आहे ना? कुणी हात उगारला, त्याला दुसऱ्यांनी आवरलं. सर उन्हात मान खाली घालून ऐकत होते. सगळ्यांचं बोलून झाल्यावर घडी खात्यातली एक वयस्क बाई अगदी जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, तुमी एवढे शिकलेले. आमचं काय वाटलं न्हाय का तुमाला?"

"वाटलं की," सर म्हणाले.

आणखी काही बोलतील म्हणून ती थांबली. मग तिने डब्याची पिशवी काखोटीला मारली आणि वळली. हळूहळू माणसं पांगली. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही. श्रीनिवास म्हणाला, "खोटं का बोललात सर? नकार माझा होता."

सरांनी त्याचा दंड सोडला. "तुला उद्या परत ह्या माणसांत यायचं हाय," ते म्हणाले. "मला न्हाय."

आणि गाडीत न बसता ते रस्त्याला लागले, बस मिळते का ते बघायला.